पाळकाला बोलायची मनाई

६ सप्टेंबर, रविवार

आजचा संदेश पंचेचाळीस मिनिटं चालला. विषय नम्रता, भाग पहिला. एकूण पाच भाग करायचे आहेत. या विषयात इतक्या खोलात या मंडळीत आजवर कोणी शिरलं नसेल. तिसऱ्या मुद्द्याला तर कोणी चुळबुळसुद्धा केली नाही.

जेवताना बायकोला हे सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "हो ना. मागच्या दोन रांगांत मान वर करून बघायचंही कुणाला सुचत नव्हतं."

सासूबाईंना एकदम ठसका लागला. त्यांना पाणी दिलं.

१० सप्टेंबर, गुरुवार

बिशपसाहेबांचा फोन आला. एक नोव्हेंबरच्या उपासनेला ते स्वतः येणार. आपली छोटी मंडळी चालू ठेवायची की शहराच्या मधल्या मोठ्या चर्चमध्ये मिसळून टाकायची, हे त्यानंतर ठरवणार. "निर्णय अजून झालेला नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणजे जवळजवळ झालाच आहे.

आमचं चर्च म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल. फरशीवरचे शाईचे डाग कशानंही जात नाहीत आणि पावसाळी हवेत अजून शाईचा वास येतो. गेल्या वर्षी मला इथं पाठवलं तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. आताही असतात. पण मी हरणारा नाही. एक नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी असे संदेश द्यायचे की बिशपसाहेबांचा निर्णय जागच्या जागी फिरला पाहिजे. आजपासून पहाटे उठून मोठ्यानं सराव सुरू केला.

घसा थोडा खवखवतोय.

१३ सप्टेंबर, रविवार

नम्रता, भाग दुसरा. विसाव्या मिनिटाला आवाज चिरकला. मी जोर लावला. तिसाव्या मिनिटाला तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवाच. मंडळी माझ्याकडे बघतेय, मी मंडळीकडे बघतोय. शेवटी आमचे मुख्य पंच पुढे झाले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. त्यांनी घाईघाईनं आशीर्वचन म्हटलं आणि माणसं वेळेआधी घरी गेली.

जाताना बरेच जण हसतमुख दिसले. मला धीर देत असावेत.

१५ सप्टेंबर, मंगळवार

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून आत बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. घाबरायचं कारण नाही, पण बोलणं बंद म्हणजे पूर्ण बंद. कुजबुजसुद्धा नाही, त्यानं तर आणखी ताण पडतो. पुढचं ऑक्टोबरच्या अखेरीला बघू.

मी खुणेनं विचारलं, रविवारी?

"रविवारीसुद्धा घसा तोच असतो," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बायकोकडे बघितलं. वाटलं, ती रडवेली झाली असेल. ती गंभीर चेहऱ्यानं खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बिचारी.

सासूबाईंनी संध्याकाळी दुकानातून पाटी आणि खडूंचा डबा आणून दिला. म्हणाल्या, "जावईबापू, मोठ्या अक्षरात लिहा आणि थोडक्यात लिहा. पाटी लहान आहे."

प्रार्थनेला बसलो. माझी प्रार्थना नेहमी मोठ्यानं असते, आधी उपकारस्तुती, मग विनंत्या, सगळं क्रमानं. आज तोंड मिटून बसलो तर काही सुचेचना. मनातल्या मनात एवढंच म्हटलं, प्रभू, तुझ्या कामाचं आता कसं होणार?

२० सप्टेंबर, रविवार

व्हायचं तेच झालं. बाहेरून पाळक बोलवावा तर एकही रिकामा नव्हता. चष्मेवाल्यांनी छापील संदेश वाचायला घेतला. पंधरा मिनिटांचा मजकूर त्यांनी सात मिनिटांत संपवला, मधलं एक पान उलटायचं राहिलं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते म्हणाले, "झालं." आणि बसले.

मी पहिल्या रांगेत पाटी घेऊन तळमळत होतो. पाटीवर 'पान १४' लिहून वर धरलं, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

तेवढ्यात मागून शिंपीणबाई उठल्या. या बाई वर्षभर मागच्या खुर्चीत बसल्यात, एक शब्द नाही. म्हणाल्या, "वेळ उरलाच आहे तर एक सांगू का? माझ्या बहिणीचं नि माझं तीन वर्षांनी बोलणं झालं. मीच फोन केला. पहिल्यांदा तिनं ठेवून दिला. मी परत केला. मला कुणाला तरी सांगायचं होतं."

मग दुसरं कोणी म्हणालं, माझ्यासाठी प्रार्थना करा, सोमवारी नोकरीची मुलाखत आहे. मग तिसरं. लोक खुर्च्या वळवून एकमेकांकडे तोंड करून बसले. रांगांचा पार बट्ट्याबोळ. उपासना नेहमीपेक्षा उशिरा सुटली आणि तरी कोणी जाईना.

हे फार काळ चालू देता येणार नाही. शिस्त म्हणून काही आहे की नाही.

२४ सप्टेंबर, गुरुवार

एक गंमत लक्षात आली आहे. हल्ली दुपारी बायको शाळेतून आली की दोन-तीन कप चहा जास्त टाकते आणि नेमकं त्याच वेळी कोणी ना कोणी योगायोगानं दारात येतं. काल शिंपीणबाई, आज मुलाखतवाला. (नोकरी मिळाली नाही. तरी पेढे खाल्ल्यासारखा चेहरा.) बायको चहा ठेवते आणि म्हणते, "तुम्ही बसा यांच्याजवळ, मला वह्या तपासायच्यात." वह्या तपासणाऱ्या बाईला आतून हसायला कसं येतं कोण जाणे, मुलं फार चुका करत असतील.

मी बसतो. लोक बोलतात. मधेच मला नेमकं योग्य वचन आठवतं, मी खडू उचलतो, पण लिहून होईपर्यंत त्यांचं बोलणं पुढे गेलेलं असतं आणि बरेचदा माझं वचन त्या पुढच्या बोलण्याला लागूच नसतं. मग बोटानं पुसून टाकतो. आज शर्टाची बाही पांढरी झाली.

२७ सप्टेंबर, रविवार

मागच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या.

इथं खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ते टोचलं. मी वर्षभर घसा फोडला तेव्हा खुर्च्या रिकाम्या, आणि मी गप्प बसलो तर जागा पुरेना! माझी उणीव भासते असं एकानंही म्हटलं नाही. उलट एक आजोबा हात हातात घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, काही घाई करू नका हं. पूर्ण बरे व्हा."

प्रार्थनेत प्रामाणिकपणे म्हटलं, प्रभू, मंडळी तूच सांभाळ. पण माझ्यावाचून अगदी इतकी छान नको सांभाळू.

म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. आवाज करायची मनाई, म्हणून तोंडावर उशी धरून हसलो. कितीतरी दिवसांनी प्रार्थना करून मोकळं वाटलं. पहिल्यांदाच मी त्याला काहीतरी खरं सांगितलं, असं वाटलं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बसवाले आले.

हे आपल्या भागातली बस चालवतात. अंगानं आडदांड, मिशा भरघोस. त्यांची बायको आमच्या गायनमंडळात होती, मी यायच्या आधीच ती वारली. तेव्हापासून हे चर्चमध्ये पाऊल ठेवत नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन मरण आणि आशा या विषयावर बोललो होतो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला मधेच दारापर्यंत सोडलं होतं.

आज स्वतःहून आले. पाटीकडे बघितलं, विचारलं, "खरंच बोलता येत नाही?" मी मान हलवली. ते खुर्चीत असे बसले की खुर्ची करकरली.

"मग ठीक आहे," म्हणाले.

आणि सांगत राहिले. ती सरावाला त्यांच्याच बसनं यायची. बरोबर त्यांच्या मागच्या सीटवर बसायची आणि गाणं पुटपुटायची. आरशात तिचे ओठ हलताना दिसायचे. आता त्या सीटवर कोणीही बसतं. "कुणाला उठ म्हणता येतं का साहेब? तिकीट काढलेलं असतं त्यांनी." रविवारी ते मुद्दाम शेवटच्या थांब्यावर, आमच्या हॉलच्या मागच्या गल्लीत, बस लावून बसतात. खिडकीतून गाणी ऐकू येतात. संदेश सुरू झाला की बस सुरू करतात.

देवावर फार राग आहे, म्हणाले. एवढा की रागाचीच सवय झाली आहे.

माझ्याजवळ उत्तरं होती. चांगली, अभ्यासलेली. मी खडू उचलला आणि तो हातात मोडला. दुसरा घ्यायला वाकलो तेव्हा त्यांच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता, लहान मुलानं धरावा तसा. मी खडू परत डब्यात टाकला. मला काहीच सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि ते घशामुळे नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते त्यांनी बघितलं.

मग त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

जाताना त्यांनी माझा हात दाबला. "साहेब, आज फार छान समजावलंत."

बायकोनं आतून विचारलं, "काय बोलणं झालं?" मी पाटीवर लिहिलं, 'मी काहीच बोललो नाही.' तिनं पाटी वाचली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. का, ते मला नीटसं कळलं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

बसवाले आत आले! दाराजवळच्या खुर्चीत बसले, हाताची घडी घालून, आता कोणी काही बोलून तर बघा अशा चेहऱ्यानं. सासूबाई उठल्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गाण्याचं पुस्तक अर्धं त्यांच्याकडे सरकवलं. दुसऱ्या कडव्याला खाली दरड कोसळल्यासारखा एक आवाज निघाला. सुरात नव्हता, पण त्या आवाजाखाली सगळी मंडळी धीटपणे गायला लागली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

ऑर्गनवाल्या आजी घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. या आजी मंडळीच्या सगळ्यात जुन्या सभासद. एके काळी ऑर्गन वाजवायच्या, आता ठार बहिऱ्या, पण दर रविवारी पहिल्या रांगेत. त्या एकट्याच माझा प्रत्येक संदेश टक लावून ऐकायच्या, असं मला वाटायचं. चष्मेवाल्यांनी आज सांगितलं की त्यांना दोन वर्षांपासून काही ऐकू येत नाही. असो.

हॉस्पिटलात जाऊन आलो. मी बोलू शकत नाही, त्या ऐकू शकत नाहीत. पाटीवर लिहिलं तर म्हणाल्या, चष्मा घरी राहिलाय. दोघं हात धरून हसत बसलो. माझ्या उभ्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली भेट झाली.

२८ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरीणबाई खूश! गाठी विरत आल्या. पण एकदम बोलायचं नाही. रविवारी दहा मिनिटं, हळू आवाजात. ओरडलात तर परत पहिल्यापासून, म्हणाल्या.

रविवारी म्हणजे एक नोव्हेंबर. बिशपसाहेब. दहा मिनिटं!

देवाची योजना बघा. दहा मिनिटांत बसणारा संदेश लिहायला घेतला आहे. एकेक शब्द तोलून. पंचेचाळीस मिनिटांपेक्षा दहा मिनिटांचं लिहायला जास्त वेळ लागतो, हे आज कळलं. विषय अर्थातच नम्रता. बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, "छान आहे." मग थोडं थांबून, "खरंच छान आहे हो." पहिलं वाक्य तिनं नेहमीच्या सुरात म्हटलं होतं, दुसरं नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी शर्टाला इस्त्री करत होतो तर हॉस्पिटलातून चष्मेवाल्यांचा फोन. बायकोनं घेतला. रक्तदाब उतरेना म्हणून लांबलेलं ऑर्गनवाल्या आजींचं ऑपरेशन आज सकाळीच ठरलं. सगळी तयारी झाली आहे आणि आजी आडून बसल्या आहेत, पाळकानं प्रार्थना केल्याशिवाय आत जाणार नाही. चष्मेवाल्यांनी प्रार्थना केली, ती चालत नाही. म्हणतात, तुझी मला ऐकू आली नाही.

बायकोनं फोन हातात धरूनच मला सगळं सांगितलं. मग नुसती बघत राहिली.

दहा मिनिटं. इतक्या आठवड्यांनी मिळालेली. टेबलावर संदेशाचे कागद, एकेक शब्द तोललेला. मी मनात म्हटलं, प्रभू, आजच? पण पाय चपला शोधायला लागले होते.

आजी पलंगावर पाठ टेकून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"काय?" आजी.

जरा मोठ्यानं.

"अहो, तोंडातल्या तोंडात काय बोलताय? देवाला तरी ऐकू जातंय का?"

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो. "प्रभू! ही तुझी लेक आहे! हिला सांभाळ! हिला भीती वाटते आहे!" एवढंच सुचलं. उपकारस्तुती राहिली, क्रम राहिला. शेजारच्या पलंगावरचे पायाला प्लास्टर घातलेले गृहस्थ एकदम "आमेन!" म्हणाले. पलीकडून कोणी म्हणालं, "माझ्यासाठी पण म्हणा हो जरा, मलाही आज नेणार आहेत." त्यांच्यासाठीही ओरडलो. मग तिसऱ्यासाठी. नर्सबाई मला हाकलायला आल्या आणि दाराशीच हात जोडून उभ्या राहिल्या. सगळा वॉर्ड आमेन म्हणत होता. शेवटच्या आमेनला माझ्या तोंडून फक्त हवा आली.

आजींचा चेहरा उजळला होता. "हां! आत्ता ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "चला, न्या आता."

हॉलवर पोचलो तेव्हा बिशपसाहेब पहिल्या रांगेत बसले होते. पाटीवर लिहिलं, 'क्षमा करा. आवाज संपला.' त्यांनी वाचलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. पुढे काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. मनात कुठलीही तयारी शिल्लक नव्हती. आणि आश्चर्य म्हणजे भीतीही नव्हती. मी मागे जाऊन दाराशी उभा राहिलो, उशिरा येणाऱ्यांना खुर्च्या द्यायला.

चष्मेवाल्यांनी आजींसाठी प्रार्थना करायला सांगितली. गाणी झाली. संदेशाची वेळ आली. मग दाराजवळची खुर्ची करकरली.

बसवाले पुढे गेले. मिशीवरून हात फिरवला.

"मला बोलता येत नाही," म्हणाले. "मी बस चालवतो. माझी बायको इथं गायची. ती गेल्यावर मी देवाशी बोलणं टाकलं असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं. मी रोज भांडायचो त्याच्याशी. पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत. परवा गाडी धुताना माझ्या डोक्यात आलं, बायकोशी पण मी असाच भांडायचो. आणि भांडण चालू आहे म्हणजे माणूस घरात आहे. ती गेल्यावर घरात भांडण नाही, ते मला सहन होत नाही. मग ज्याच्याशी मी एवढा रोज भांडतो, तो मला सोडून गेला असं कसं म्हणू? तो आहे. मागच्याच सीटवर आहे. एवढंच."

ते परत येऊन बसले. शिंपीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या. बिशपसाहेबांनी चष्मा काढला तो बराच वेळ घातला नाही.

मी दाराशी उभा राहून रडलो आणि मला कुणाचा हेवा वाटला नाही. हेवा आहे की नाही हे बघायला मी मनात शोधलंसुद्धा. सापडला नाही.

दुपारी कळलं, आजींचं ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "चहा आहे का?"

संदेशाचे कागद अजून टेबलावरच आहेत. सासूबाईंनी त्यावर गरम पातेलं ठेवलं. मी काही म्हटलं नाही. म्हणताही येत नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

बिशपसाहेबांचा फोन. बायकोनं फोन मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला, म्हणजे मला ऐकता येईल.

मंडळी राहणार! छापखान्याचा हॉल राहणार! सासूबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. बायकोनं माझा हात पकडला.

मग बिशपसाहेब म्हणाले, "आणखी एक. पंधरा तारखेला मोठ्या चर्चची वार्षिक सभा आहे. तिथं कोणीतरी बोलावं अशी फार इच्छा आहे. तुमच्याकडे मागणी करायला संकोच वाटतो."

लपवत नाही. मी खुर्चीत ताठ बसलो. मोठं चर्च, रंगीत काचा, माइक. पंधरा तारखेपर्यंत घसा सहज सुधारेल. नम्रता, भाग तिसरा ठीक राहील की थेट पाचवा घ्यावा, इथपर्यंत मी मनात पोचलो होतो.

"तर," बिशपसाहेब म्हणाले, "तुमचे ते बसवाले येतील का?"

बायको माझ्याकडे बघेना. सासूबाई छताकडे बघत होत्या. आणि मला आतून, अगदी पोटातून, हसू फुटलं. उशीही जवळ नव्हती. फाटक्या भात्यासारखा आवाज करत मी हसलो, बायको हसली, सासूबाईंनी तर टेबलच धरलं.

"काय झालं? पाळक रडताहेत का?" फोनमधून काळजीचा आवाज आला.

"नाही साहेब," बायको कशीबशी म्हणाली. "ते हो म्हणताहेत."

१५ नोव्हेंबर, रविवार

बसवाले सकाळपासून घामाघूम. शर्टाचं वरचं बटण तुटलं, ते शिंपीणबाईंनी गाडीत बसल्या बसल्या टाचलं. आमची सगळी मंडळी त्यांच्या बसनंच गेली. बस न्यायची खास परवानगी काढली होती त्यांनी. ऑर्गनवाल्या आजी तेवढ्या हॉस्पिटलात, आणि त्याबद्दल त्या आमच्यावर रागावल्या आहेत.

मोठ्या चर्चच्या दारात बसवाल्यांनी माझी बाही पकडली. "साहेब, मला जमायचं नाही. तुम्हीच बोला. आता तुम्हाला आवाज आलाय."

आला आहे खरा. डॉक्टरीणबाई रागावल्या, पण गाठी परत आल्या नाहीत; आवाज थोडा जाडसर, पण आला आहे.

मी म्हटलं, "मलाही कधी जमलं नाही हो. मी उगाच जमतंय असं समजत होतो. चला, आपण दोघं मागूया." आणि तिथंच पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधे, आम्ही डोळे मिटले. मी म्हटलं, "प्रभू, यांना शब्द दे आणि आम्हाला कान दे." ते म्हणाले, "आणि पाय लटपटू देऊ नकोस." आमेन.

ते पुढे गेले. मी गर्दीत मिळाली त्या खुर्चीत बसलो. रंगीत काचांतून ऊन बसवाल्यांच्या मिशीवर पडलं होतं, निळं आणि लाल. त्यांनी घसा खाकरला. माझ्या शेजारी सुटाबुटातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "तुम्ही ओळखता यांना?"

"हो," मी म्हटलं. "मी यांच्या मंडळीतला."